हसत बोला, असं मीच शिकवलं होतं

मंडळी, मी शिकवलेल्या एका हसण्यापायी आज एका मुलीची नोकरी जाता जाता राहिली.

गुडगावच्या एका खासगी हॉस्पिटलात रिसेप्शनच्या मुलामुलींना मी सॉफ्ट स्किल्स शिकवतो. "महिन्याभरात कुणालाही तयार करतो," असं मॅनेजरला ऐकवत सकाळी तिथेच उभा होतो. समोर काउंटरवर प्रोबेशनवरची नेहा.

एका माणसाने तिला विचारलं, "बाबूजी का ऑपरेशन हो गया?"

नेहा छान हसली. "अभी चल रहा है, सर."

"हँस क्यों रही हो?" तो ओरडला. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं.

नेहाचं हसू गेलं. ती काउंटरबाहेर आली आणि त्याला खुर्चीवर बसवून त्याच्या शेजारी बसली. "भैया, पानी पीजिए. मैं ऊपर पूछकर आती हूँ." त्याने ग्लास घेतला आणि तो रडायला लागला.

मॅनेजर हळूच म्हणाला, "लड़की पक्की. बढ़िया सिखाया आपने."

आता तुम्हीच सांगा, हे शिकवता येतं का? माझ्या वर्गात तर काउंटर सोडायला सक्त मनाई आहे.