अक्का पाहुण्यांना तू म्हणायची

मी आता त्या पार्कात नाही. पण माझ्या जागेवर आलेल्या माणसाने परवा फोन केला. हंगामासाठी नवी माणसं भरायची आहेत, त्यांना शिकवायला काहीतरी लिहिलेलं हवंय म्हणाला. पाहुण्यांशी कसं वागावं, त्यांच्या लक्षात कसं राहावं, यावर दोन पानं द्या सर, तुमचा एवढा अनुभव. मी हो म्हणालो. तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो. पहिल्या ओळीत ‘हसतमुख’ हा शब्द लिहिला आणि खोडला. त्यानंतर जे लिहीत गेलो ते त्याला पाठवण्यासारखं नाही. ते हे.

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागून कुंभारी मागे टाकली, की डाव्या हाताला निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या दिसायच्या. पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, एक आकाशपाळणा आणि प्लास्टिकचे चार प्राणी, एवढंच आमचं पार्क. पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा डांबरी रस्ता चपलेला चिकटायला लागला की आमच्याकडे गर्दी उसळायची. मी पाहुण्यांच्या विभागाचा सुपरवायझर होतो. दर सोमवारी गेट उघडायच्या आधी सगळ्यांना ओळीत उभं करून बोलायला शिकवायचो.

“नमस्कार. आपलं स्वागत आहे. मी आपल्याला कशी मदत करू शकते?”

सगळ्या बायका एका सुरात म्हणायच्या. कॉस्च्युम काउंटरवरच्या बाईंचा सूर तेवढा वेगळा लागायचा. “आपलं सोगत हाय.” रांग हसायची. त्यांच्याआधी ती स्वतः हसायची. “सर, ही जीभ लई जुनी हाय, वळंना,” म्हणायची.

तिला सगळे अक्का म्हणायचे. मी ‘बाई’ म्हणायचो. वयाने ती माझ्याएवढीच असेल.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या पार्कात कुणालाच माहीत नव्हती. मी मैंदर्गीकडचा. घरी मेंढरं होती. आई अर्धं मराठी आणि अर्धं कन्नड बोलते, आणि कुठलं वाक्य कुठल्या भाषेत संपेल ते तिचं तिला ठाऊक नसतं. सोलापूरच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उठून “न्हाय सर” म्हणालो आणि मागच्या बाकांनी ते वर्षभर पुरवून वापरलं. तेव्हापासून मी जीभ घासायला लागलो. हाय गेलं, न्हाय गेलं, कुटं-तितं गेलं. इतकं स्वच्छ झालं की लोक मला विचारायचे, तुम्ही मूळचे पुण्याकडचे का? आणि मी नुसता हसायचो. नाही म्हणायचो नाही.

अक्काने मला एकदाच पकडलं. लॉकरच्या दारात माझं बोट चेंगरलं आणि तोंडातून निघून गेलं, “यव्वाऽ!” ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर करून म्हणाली, “सर, आमच्याच बाजूचं व्हय तुमी?”

मी म्हणालो, “नाही हो बाई. सोलापूरचाच.”

“असू द्या की,” म्हणाली, आणि एका फडक्यात बर्फ बांधून आणून दिला. पुन्हा कधी विचारलं नाही.

आता ती काय करायची ते सांगतो, कारण फोनवाल्याला खरं तर हेच हवं होतं.

पाण्यात उतरायचं तर नायलॉनचा कॉस्च्युम घालावा लागतो. तो काउंटरवर भाड्याने मिळतो. अक्कलकोटला दर्शन करून आलेली कुटुंबं दुपारी आमच्याकडे वळायची. पुरुष आणि लेकरं धावत पाण्यात. बायका मात्र काठावर, साडीचा पदर डोक्यावर, पुढ्यात सगळ्या घराच्या चपला आणि पिशव्या. संध्याकाळपर्यंत तशाच. तिकीट काढून राखण करायला आलेल्या.

अक्का काउंटर सोडून त्यांच्याकडे जायची. हे नियमात नव्हतं. “काय वो, तिकीट काढून चपला राखाया आलाव व्हय?” बायका पदरात हसायच्या. मग तिकडून कन्नड आलं की हीसुद्धा कन्नडवर यायची. “बर्री, अंजब्याडरी.” या, भिऊ नका. पिशव्या उचलून थेट काउंटरच्या मागे ठेवायची. सगळ्यात मोठा कॉस्च्युम घेऊन स्वतःच्या साडीवर धरून दाखवायची. “बघा, मी कशी दिसती. भिजल्याली कोंबडी.” दहा मिनिटांत त्या बायका आत जायच्या आणि बाहेर यायच्या त्या कुणी ओळखू नये अशा. साठीची बाई लाटेत उभी राहून लेकरासारखी किंचाळताना मी पाहिली आहे.

आणि ज्या क्षणी एखादी बाई फार लाजायला लागायची, त्या क्षणी अक्का ‘तुमी’वरून ‘तू’वर यायची. आमच्याकडे असंच असतं. परक्याला तुमी, आपल्याला तू. माझी आई देवालाही तू म्हणते आणि एसटीतल्या शेजारणीलाही, दोन थांबे गेल्यावर. त्या ‘तू’ने हात धरल्यासारखं होतं. मला हे माहीत होतं. माझ्याइतकं त्या पार्कात कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी आलेली कुटुंबं गेटवर विचारायची, “ती कपडेवाली बाई हाय का?” लाटांच्या तलावाबद्दल कुणी विचारायचं नाही. माझ्याबद्दल तर नाहीच.

एका मे महिन्यात पुण्याचं एक जोडपं आलं. बाई अंगाने बऱ्यापैकी स्थूल होत्या. काउंटरवर आल्या, मापं बघितली आणि म्हणाल्या, मी नाही उतरत, मी बसते. अक्का त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, “ए बाय, लाजतीस कशाला? माज्याबी अंगावर मांस हाय की. चल आत, मी दोरी बांधून देती.” आणि हाताला धरून त्यांना पडद्याआड घेऊन गेली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला.

नवरा लॉकरपाशी उभा होता. त्याने तेवढी दोन वाक्यं ऐकली आणि तो सरळ ऑफिसात गेला. त्याला दोष देत नाही. बायकोला लोकांनी अंगावरून बोललेलं त्याने आयुष्यभर ऐकलेलं असणार. त्याला वाटलं, इथेही तेच.

मॅनेजरसाहेबांनी मला आणि अक्काला बोलावलं. साहेब नवीन होते, बाहेरून आलेले, आणि माणूस वाईट नव्हता. तक्रार सांगितली आणि मलाच विचारलं, “तुम्ही इथले आहात. इकडे असं बोलणं चालतं का? ही खरंच उद्धटपणे बोलली, की इकडची पद्धत आहे ही?”

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उत्तरही एका ओळीचं होतं. साहेब, आपल्या माणसाला आमच्यात तू म्हणतात, माझी आईसुद्धा म्हणते. बस. पण त्यात ‘आमच्यात’ होतं आणि ‘माझी आई’ होती.

मी म्हणालो, “नाही सर. मी दर सोमवारी शिकवतो. काहींना जमतच नाही.”

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती बर्फाचं फडकं काढेल, यव्वा काढेल. ती हळूच म्हणाली, “इरली बिडरी, सर.”

साहेबांनी विचारलं, “काय म्हणाली?”

इरली बिडरी म्हणजे असू द्या, सोडून द्या. माझी आई हे दिवसातून दहादा म्हणते. आणि त्या खोलीत ते मलाच उद्देशून होतं. नोकरी तिची जात होती आणि समजूत ती माझी घालत होती.

मी म्हणालो, “माहीत नाही सर. कन्नड आहे.”

तिने मान खाली घातली. साहेब म्हणाले, काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मी तिला मागच्या धुण्याच्या खोलीत टाकलं, जिथे ओले कॉस्च्युम यंत्रात घालायचे आणि काढायचे. जिथे पाहुणा म्हणून चिटपाखरू येत नाही. काढून टाकलं नाही, याचं त्या दिवशी मला समाधानही वाटलं होतं. हे लिहिताना हात थांबतोय, पण वाटलं होतं.

त्याच संध्याकाळी आणखी एक झालं, आणि ते मी आजवर घरीही सांगितलेलं नाही.

गेटवर अभिप्रायाची वही असायची. साहेब ती दर सोमवारी वाचायचे. पार्क बंद करताना मी सहज उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्या पुण्याच्या बाईंनी लिहिलं होतं, नवऱ्याने काय केलंय ते त्यांना ठाऊकही नसावं. “कपड्यांच्या काउंटरवरच्या ताईंमुळे मी लग्नानंतर पहिल्यांदा पाण्यात उतरले. आई ओढून न्यायची तसं त्यांनी मला नेलं. नाव विचारायचं राहिलं. कृपया त्यांना सांगा.”

ते पान ऑफिसात नेऊन ठेवलं असतं तर अक्का दुसऱ्या दिवशी काउंटरवर असती. पण मग साहेबांनी मला विचारलं असतं, तुम्ही तर म्हणालात... मी पान फाडलं नाही. तेवढंही धाडस नव्हतं. वहीत वीसेक पानं कोरी होती, तरी मी ती वही माझ्या कपाटात तळाशी ठेवली आणि गेटवर नवी वही मांडली.

काउंटरवर नवी मुलगी आली. बोलणं एकदम स्वच्छ. ती काउंटर सोडायची नाही, हे नियमाला धरून होतं. लोक विचारायचे, ती बाई कुठे गेली? मी सांगायचो, सुट्टीवर आहे. पन्नास पावलांवर ती ओले कपडे पिळत असायची. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. मी निरोपही धाडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी एक दिवस ठेवला होता. आई किती वर्षं म्हणत होती, तुजं ते पाणी दाव की मला. मी दर वर्षी काहीतरी सांगून टाळायचो. कारण तिला न्यायचं म्हणजे तिने सगळ्यांसमोर मला हाक मारायची. त्या वर्षी बायको आणि लेक तिला मला न विचारता घेऊन आल्या.

मी पोहोचलो तेव्हा आई काठावर बसली होती. डोक्यावर पदर, पुढ्यात नातीच्या आणि सुनेच्या चपला. नव्या मुलीला बिचारीला वाटलं असावं की सरांची आई आहे, तर जरा पुढे होऊन विचारावं. ती लगबगीने आली, हात जोडले आणि न अडखळता म्हणाली, “नमस्कार. आपलं स्वागत आहे. मी आपल्याला कशी मदत करू शकते?”

आईने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “कुनाला म्हनती रं ही?”

ते वाक्य माझं होतं. दर सोमवारचं. आई त्या दिवशी पाण्यात उतरली नाही. मी दोनदा म्हणालो, पण ते कसं म्हणायचं तेच मला येत नव्हतं. संध्याकाळी तिने सगळ्यांच्या चपला जोडीने लावून दिल्या.

दुसऱ्या दिवशी कपाटातून वही काढली आणि कुंभारीला गेलो. कामगारांच्या घरांच्या रांगांमध्ये अक्काचं घर शोधायला वेळ लागला नाही. कपडेवाली अक्का म्हटल्यावर लहान पोरीनेही बोट दाखवलं. ती दारात बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळत होती, बाजूला शेजारीण. मला बघून दचकली नाही. शेजारणीला म्हणाली, “ए, ऊठ गं तू. ती खुर्ची दे सरास्नी.”

मी बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं गेलं. नुसती वही उघडून ते पान वाचून दाखवलं. तिचे हात चालूच होते. ‘आई ओढून न्यायची तसं’ ऐकल्यावर तेवढे थांबले.

“कवाचं हाय ह्ये?”

मी सांगितलं, त्याच दिवसाचं.

तिचे हात पुन्हा चालू लागले. एक विडी पूर्ण झाली, विडीचं तोंड दुमडलं गेलं. मी म्हणालो, साहेबांना आता सगळं सांगतो, तुम्ही परत या. ती म्हणाली, “कुनाला सांगताव? ते सायब तर गेलं म्हनं.” हे खरं होतं. मार्चमध्येच त्यांची बदली झाली होती. मी ते विसरलो नव्हतो.

मग तिने विचारलं, “आता बाया उतरत्यात का पान्यात?”

“कमी,” मी म्हणालो. “काठावर बसतात.”

तिने मान हलवली. इतका वेळ तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे ऐकल्यावर थोडा आला. शेजारीण आमच्याकडे बघत होती, तिला काहीच कळत नव्हतं. ती कन्नडमध्ये अक्काला विचारू लागली की हा कोण, कशाला आलाय, रडायला का आलंय त्याला. अक्का तिला काही सांगणार तोच थांबली आणि माझ्याकडे वळली.

“सर, आता कळतं व्हय तुमास्नी?”

मी म्हणालो, “व्हय.”

तेवढा एकच शब्द. पंचवीस-तीस वर्षांनी तोंडातून निघाला आणि परक्यासारखा वाटला. मला वाटलं, ती हसेल, काहीतरी टोमणा मारेल. तिने सूप बाजूला ठेवलं, चहा केला, बशीसकट हातात दिला. शेजारणीला अगं-तुगं करत, तिच्या कानात काहीतरी सांगत, तिला कोपराने ढोसत. माझ्याशी मात्र साखर बेताची हाय नव्हं, एवढं विचारलं.

वही मी तिथेच ठेवली. तिने नको म्हटलं नाही. उठलो तेव्हा मला फार वाटत होतं, एकदा, रागाने का होईना, तिने मला तू म्हणावं.

ती दारापर्यंत आली.

“सावकाश जावा, सर,” म्हणाली. “तुमची गाडी उनात लावलीया तुमी.”