उसन्या आवाजाशी भांडण

आमच्या शाळेच्या संमेलनात मुलं बोलत नाहीत, नुसते ओठ हलवतात. बोलायचं काम स्पीकर करतो. संवाद आधीच स्टुडिओत रेकॉर्ड करायचे, पेनड्राइव्ह लावायचा आणि पोरांनी त्यावर तोंडं उघडायची-मिटायची. मागच्या खेपेला आमचा राजा भर दरबारात सणसणीत शिंकला. तो शिंकत होता आणि त्याचा आवाज न थांबता प्रजेला उपदेश करत होता. मी विंगेत लोळायचीच बाकी होते. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, समाधानाने म्हणाल्या, "बघा, काही अडलं का?"

मी मराठी शिकवते आणि नाटक बसवते. दोन्हींत बोलावं लागतं, अशी माझी जुनी समजूत. म्हणून यंदा मुद्दाम जिताड्यावर नाटक लिहिलं. आमच्याकडे साहेबाकडे काम अडलं की त्याच्या घरी जिताडा पोचवायची जुनी रीत. मासाच असा चवदार, की सही आपोआप होते! माझ्या नाटकातली मासळीवाली साहेबाला फुकटचा जिताडा द्यायला नाही म्हणते, एवढीच गोष्ट. मासळीवाली झाली उलव्याहून येणारी सातवीतली एक मुलगी. तिची आई पनवेलच्या बाजारात खरोखर मासळी विकते. तालमीत मुलीने पहिली हाक मारली, तेव्हा मैदानातले पी.टी.चे सर शिट्टी वाजवायचे थांबले.

मोठ्या बाईंनीही ती हाक ऐकली. "फार गावठी वाटतं हो. पाहुणे येणारेत."

मग मासळीवालीचे संवाद स्टुडिओतल्या एका बाईंनी म्हटले. इतके मधाळ, की जिताडा नव्हे, पैठणी विकतायत असं वाटावं. मी भांडले. मोठ्या बाईंचं उत्तर आलं, "ट्रॅकच लागेल. मुलगी ओठ हलवणार नसेल तर दुसरी उभी करा."

मी मुलीला ते जसंच्या तसं सांगितलं.

"पन बाई, मला माजा आवाज हाय ना?"

"आहे की."

"मंग तो कुटं ठेवू?"

याचं उत्तर मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

संमेलनाच्या दिवशी विंगेत, आवाजाच्या मशीनपाशी, मीच होते. पडदा उघडला. डोक्यावर पाटी घेऊन मुलगी आली. स्पीकर गोड गळ्याने म्हणाला, "मासळी घ्या हो, ताजी मासळी!" मुलीचे ओठ मिटलेलेच. तिने पाटी खाली ठेवली, कमरेवर हात घेतले आणि मान वर करून स्पीकरकडे पाहिलं.

"काय गो बाय, कोन तू? पाटी माज्या डोक्यावर, नि वरडतेस तू?"

स्पीकरला काय त्याचं! तो पुढे म्हणाला, "साहेब, जिताडा फुकट मिळणार नाही."

"अगो, ता मीच बोलनार हाय ना! गप ऱ्हा जरा!"

मग जो काही हशा उसळला! मागच्या रांगेतून एक खणखणीत शिट्टी आली. ती तिच्या आईची. पहिल्या रांगेतून मोठ्या बाई मला दोन्ही हातांनी काहीतरी खुणावत होत्या. आवाज बंद करा, असंच त्या म्हणत असणार, असा मी सोयीस्कर अर्थ घेतला आणि बटण पार शून्यावर नेलं. साहेब झालेला मुलगा आधी गडबडला, मग तोही स्वतःच्या आवाजात ओरडायला लागला. पुढचं नाटक पोरांनी स्वतःच्या तोंडाने केलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत?"

"हो," मी धडधडीत खोटं बोलले. असं श्रेय कोण सोडतं? माझ्याकडून संमेलन काढून घेतलं आणि शाळा सुटताना गेटवर शिट्टी वाजवायचं काम दिलं. मुलीने मात्र प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर दहावीपर्यंत स्टेज बंद. आईलाही बोलावलं.

आई बाजारात जाता जाताच आली. पाटी ऑफिसातच उतरवली. मोठ्या बाईंची नजर पाटीवर.

"काय आहे यात?"

"जिताडा."

"अहो, कशाला उगाच आणलात!" आवाज एकदम मऊ.

"तुमाला नाय वो. इकायचा हाय."

मी खिडकीबाहेर बघितलं. हसू आवरायला दुसरी जागा नव्हती.

"आणि माफीचं काय?" मोठ्या बाई लालबुंद.

"माफी कसली? पोरगी बोलली. बोलायलाच धाडलीय ना शालंत?" आई उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली. "बाई, पाटीला जरा हात लावता?"

भरलेली पाटी एकटीला उचलत नाही. मी पुढे झालेच नाही. मोठ्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पदर खोचून पाटीला हात लावला. माफीचा विषय पुन्हा निघाला नाही, स्टेजबंदीचाही नाही.

संमेलन अजून माझ्याकडे नाही. नसू दे. पुढचं नाटक लिहून झालंय, त्यात शिंकणारा राजा आहे आणि राजा तीच मुलगी. तालीम रोज गेटवर होते. मधूनमधून मी शिट्टी वाजवते.