काकवीच्या बाटलीतलं उत्तर

जनावरांच्या डॉक्टरला स्वतःच्या घरचं जनावर कापवत नाही. कोल्हापुरात निम्म्या गल्ल्यांतल्या मांजरींची नसबंदीची ऑपरेशनं मी केली, पण बायकोनं आणलेली करडी मांजर कधी टेबलावर घेतली नाही. माजावर आली की ती घर डोक्यावर घ्यायची. मग मी पळवाट काढली. दर चार-पाच महिन्यांनी माज थांबवणारं प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचं इंजेक्शन टोचायचं. टाके नाहीत, रक्त नाही. गिऱ्हाइकांनाही छाती पुढं काढून सांगायचो, माझ्या घरचीला हेच देतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बायको गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. एकाला भाकरी, एकीला दूध.

काही वर्षांनी मांजर मान कलती करून गोल गोल फिरायला लागली. मी निदान केलं, कान. तीन आठवडे ठणठणीत कानात थेंब घातले. तिनं मुकाट घालून घेतले. एक दिवस ती भिंतीला डोकं लावून उभी दिसली, अर्धा तास तशीच, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेंदू. महिनाभरात ती गेली. जिला जिवंतपणी चाकू लावला नव्हता, तिची कवटी शेवटी मीच उघडली. मेंदूच्या आवरणाला हरभऱ्याएवढी गाठ होती.

आता माझं शहाणपण बघा. नमुने टिकवायचं फॉर्मॅलिन घरात होतं, रुंद तोंडाची बरणी दवाखान्यात. हाताला काकवीची रिकामी बाटली लागली. ताजा मेंदू मऊ असतो, गाठीसकट अलगद आत घसरला. फॉर्मॅलिनमध्ये तो घट्ट होतो, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या पोरालाही माहीत असतं. दोन दिवसांनी बाटली उपडी केली. मेंदू गळ्याशी येऊन अडकला.

त्याच सुमारास एका मासिकात वाचलं की कुत्र्या-मांजरांच्या असल्या गाठींत प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर सापडतात. रिसेप्टर म्हणजे पेशीतल्या खुंट्या. हार्मोन येऊन त्यांवर अडकतो आणि पेशीला हुकूम सोडतो. वाचून माझा चहा गार झाला. मी वर्षानुवर्षं टोचत होतो, ते त्या गाठीला खाऊ घालत होतो काय?

माझा एक वर्गमित्र मुंबईला शिकवायचा. त्याला फोन केला. म्हणाला, खास रंग चढवून खुंट्या दिसतात, पण लगेच पाठव, फॉर्मॅलिनमध्ये फार दिवस ठेवलंस तर उपयोग नाही.

मी पाठवलं नाही. बाटली फोडावी लागेल, ही माझी सबब. खरं सांगायचं तर ती चहाच्या डब्याशेजारी ठेवली होती आणि सकाळी दूध आलं की मी तिला सांगायचो. फॉर्मॅलिनला झाकणातूनही वास येतो. तोही घरात कुणीतरी असल्यासारखा वाटायचा. आठ महिने गेले. मग एका रविवारी गोणपाटात गुंडाळून बाटली फोडली आणि पार्सल केलं.

महिन्याभरानं मित्राचा फोन आला.

"रंग चढलाच नाही. खुंट्या होत्या का नव्हत्या, आता कुणालाच सांगता यायचं नाही."

तो पुढं बरंच समजावत राहिला. खुंट्या दिसल्या असत्या तरी इंजेक्शननंच गाठ झाली असं ठरलं नसतं, उगाच जीव जाळू नकोस. मला ते पटलंही. पण मला सुटका नको होती, उत्तर हवं होतं, आणि ते मीच सोबतीच्या लोभापायी आठ महिने भिजत ठेवलं होतं. उरलेलं परत पाठवू का, असं त्यानं विचारलं. नको म्हणालो. फोन ठेवल्यावर कळलं, तेही चुकलंच.

पुढं एकदा हुपरीचा एक चांदी कारागीर पिशवीत मांजर घेऊन आला. नेहमीचं गिऱ्हाईक. त्याला इंजेक्शन हवं होतं. मी म्हणालो, ऑपरेशन करू.

"का बरं? तुमच्या घरच्या मांजरीला इंजेक्शनच देत हुता की."

"देत होतो."

"मग? कशी हाय ती?"

ती गेल्याला दीड वर्ष झालं होतं, आणि हे मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. सांगायला लागलो ते कानातल्या थेंबांपासून. हुपरीची एक गाडी चुकली असेल त्याची. त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर सरकून बसला.