गतिरोधकापलीकडची गाडी

मखमलाबादच्या पुढे, जिथे शहर संपतं असं महापालिका म्हणते आणि राहणारे मानत नाहीत, तिथे खंडेरावांचा झेंडूचा मळा आहे. दसऱ्याला नाशकातल्या कितीतरी गाड्यांच्या गळ्यात त्यांचाच झेंडू असतो. माणूस कष्टाळू, सरळ. पण एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही.

नव्या रस्त्यात जमिनीचा एक तुकडा गेला आणि मोबदला आला, तेव्हा मुलगा दीपक म्हणाला, "आबा, आता एक मोठी सात सीटर घेऊ." आबा गंगापूर रोडला गेले आणि एका बिल्डरने वापरून, कंटाळून विकायला काढलेली, लाल, इटलीत बनलेली स्पोर्ट्स कार घेऊन आले.

"आबा, हिला दोनच सीट!"

"म्हणूनच घेतली," खंडेराव म्हणाले.

कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण ते सांगायलाच हवं. लग्न झाल्यापासून फुलबाजाराच्या वाटेवर नवसाबाई पिकअपच्या मागे, फुलं चेंगरू नयेत म्हणून गोण्या धरून बसायच्या. पुढे खंडेरावांच्या शेजारी कधी मजूर, कधी व्याही, कधी कुणी दवाखान्यात निघालेलं. बायको शेजारी बसलीय आणि आपण गाडी चालवतोय, असं त्यांच्या नशिबी कधी आलंच नाही. जिच्यात तिसरं माणूस मावणारच नाही अशी गाडी त्यांना हवी होती. तिचं इंजिन मागे असतं, हे त्यांना घेतल्यावर कळलं.

नवसाबाईंची अट साधी होती. "आधी दारात आणा. ओवाळल्याबिगर गाडी आपली होत नाय. तोवर मी आत पाय ठेवायची नाय." स्कूटर, पिकअप, ट्रॅक्टर, सगळ्यांना त्यांनी दारातच ओवाळलं होतं, आणि खंडेरावांनाही ते पटत होतं.

इथेच घोडं पेंड खात होतं. घराच्या वाटेवर एक गतिरोधक होता, आणि तो खुद्द खंडेरावांनी मागून घेतला होता. मोटरसायकलवाली पोरं सुसाट जातात म्हणून ते रस्त्यात मांडी ठोकून बसले होते. काम सुरू झालं तेव्हा "अजून टाका, अजून टाका" करत मुकादमाच्या उरावर उभे राहिले होते. म्हैस आडवी पडावी तसा तो गतिरोधक झाला. आणि ह्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर.

पहिल्या दिवशी फळ्या लावून पाहिल्या. गाडी चढली आणि मधोमध पोटावर टेकली. पुढची चाकं हवेत, मागची जागच्या जागी गरगरतायत, आत खंडेराव स्टेअरिंग आवळून बसलेले. ट्रॅक्टरचा मेकॅनिक गोटीराम बाहेरून ओरडत होता, "आबा, रेस द्या, रेस द्या!" रेस दिल्यावर असा आवाज निघाला की शेजारच्या सिंधुबाईंच्या शेळ्या दावी तोडून पळाल्या. शेवटी मंडळींनी उचलूनच गाडी मागे घेतली.

मग ती गतिरोधकापलीकडच्या फुलांच्या शेडमध्ये राहू लागली आणि खंडेराव रोज स्कूटरवरून तिला भेटायला जाऊ लागले. तिचं काही ना काही चालूच असायचं. पाण्याची नळी फुटली. नवी इटलीहून यायची म्हणून गोटीरामने ठिबकची नळी बसवली, ती वितळली. वायरी उंदरांनी खाल्ल्या म्हणून मांजर आणलं, तर ते सीटवर व्यालं. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असा नवसाबाईंचा हुकूम सुटला. मध्येच समोरच्या मीटरच्या काट्यांमध्ये इटालियन भाषेत लाल अक्षरं उमटायची.

"काय म्हणतीय?" खंडेराव धास्तावून विचारायचे.

गोटीराम बराच वेळ निरखून सांगायचा, "नाराज हाय."

खंडेरावांनी शेजारपाजारच्यांची बैठक बोलावली. गतिरोधक जरा तासून घेऊ, असं त्यांनी चाचरत सांगितलं. सिंधुबाई ताडकन उठल्या. "आबा, तुमच्या गतिरोधकानं माझ्या शेळ्या वाचल्या. त्याला हात लावाल तर मी रस्त्यात आडवी पडंन!" दर दसऱ्याला त्या गतिरोधकाला हळदकुंकू वाहायच्या, वर झेंडूची माळ ठेवायच्या, तीही खंडेरावांच्याच मळ्यातली. आपल्याच पुण्यकर्माचा एवढा संताप खंडेरावांना कधी आला नव्हता.

दसरा जवळ आला तसं त्यांचं जेवण तुटलं. नवसाबाईंनी थोडे दिवस पाहिलं. मग तव्यावर भाकरी टाकता टाकता म्हणाल्या, "ट्रॉलीत घाला अन् आणा. शेणखत येतं, ऊस येतो, लग्नात मी बी ट्रॉलीतूनच आले. ती कोण राणी लागून गेली?"

खंडेरावांना हे फार लागलं. पण दुसरा उपाय नव्हता. त्यांनी ट्रॉली स्वतःच्या हाताने घासून धुतली, बाजूची फाळकी काढली, वरून उदबत्ती फिरवली.

दसऱ्याच्या सकाळी शेडजवळच्या, ट्रॉलीएवढ्या उंच मातीच्या धक्क्यावरून गाडी ट्रॉलीत चढवली, दोरांनी आवळली आणि दीपकने ट्रॅक्टर हळूहळू गतिरोधकावरून दारात आणला. नवसाबाई स्टुलावर उभ्या राहिल्या, पुढच्या झाकणावर स्वस्तिक काढलं, ओवाळलं.

"आई, ती डिकी आहे. इंजिन मागं," दीपक म्हणाला.

स्टूल मागे गेलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून झालं. मग लिंबू कुठल्या चाकाखाली ठेवायचं ह्यावर वाद पेटला, कारण पूजा गाडीची आणि चालणार ट्रॅक्टर. शेवटी मिळतील त्या सगळ्या चाकांखाली लिंबं ठेवली.

नवसाबाई पदर खोचून आत बसल्या. बसल्या म्हणण्यापेक्षा आत पडल्या. शेजारी खंडेराव. गाडी उतरवायला दारात धक्काच नाही, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"बसा तसेच, एक चक्कर मारतो," दीपक म्हणाला.

वरात निघाली. कसली मिरवणूक ते न कळून लोक हात जोडत होते. खंडेराव मात्र ट्रॅक्टर वळला की स्टेअरिंग वळवत होते, गतिरोधक आला की ब्रेक दाबत होते.

"जरा दमानं," नवसाबाई म्हणाल्या. त्यांनी दमानं घेतलं.

ट्रॉलीच्या उंचीवरून पिवळाजर्द मळा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता. "एवढा मोठा हाय आपला मळा?" त्या म्हणाल्या. "मी तर वाकूनच बघितला."  खंडेरावांना फार बरं वाटत होतं आणि इतकी वर्षं तिला मागे बसवल्याची लाजही वाटत होती.

चक्कर संपली. दारात ट्रॅक्टर थांबवून दीपकने मागे वळून हाक मारली, "आई, उतरायचं ना? जेवणं खोळंबलीत."

नवसाबाईंना नीट ऐकू गेलं होतं. त्यांनी समोर बघत पदर सावरला आणि हळूच खंडेरावांना म्हणाल्या, "काच वर घ्या."