वकीलसाहेबांनी स्वतः रंगवलेली मोटार

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी विसरलो, पण ती घटना अजूनही मनातून जात नाही. तेव्हा मी सोलापुरात फौजदार होतो. सांगोल्याकडचा एक म्हातारा धनगर शेळ्या घेऊन बाजाराला येत असताना मंगळवेढ्याच्या रस्त्यावर भर दुपारी एका मोटारीने त्याला उडवलं. मोटार तशीच निघून गेली. मागून येणाऱ्या गाडीवानाने त्याला बैलगाडीत घालून इस्पितळात आणलं. मांडीचं हाड मोडलं होतं, ताप चढत होता, डॉक्टर खात्री देत नव्हते. जबाबात तो एवढंच सांगू शकला, "हिरवी मोटार हुती, सायेब. दुसरं काय दिसलंच न्हाय."

रस्त्यावर दिसेल ती हिरवी मोटार आम्ही थांबवून पाहिली. एकीलाही धक्का लागल्याची खूण नव्हती. म्हातारा दगावला असता तर गुन्ह्याचं स्वरूपच बदललं असतं. मला ठाण्यात बसवेना. इस्पितळ आणि ठाणं अशा नुसत्या खेपा चालल्या होत्या.

अशात आमचा एक हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या घरामागच्या बंगल्यातले वकीलसाहेब कोर्ट बुडवून मोटार रंगवतायत. स्वतः, हातात ब्रश घेऊन. फाटक आतून बंद असतं."

ज्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा गडी हातात देतो, तिथला मालक हात काळे करून घेतो, हे मला खटकलं. दोन पंच घेऊन मी बंगल्यावर गेलो.

अंगणात टर्पेंटाइनचा उग्र दर्प भरला होता. मोटार काळी झाली होती. रंगाचे ओघळ आले होते, ब्रशाचे केस जागोजागी चिकटले होते. बाकी पत्र्यावर रंगाचा एकच पातळ हात होता; डाव्या मडगार्डवर मात्र थरावर थर.

"हौस म्हणून करतोय," वकील म्हणाले.

मी चाकूने मडगार्ड खरवडलं. खालून हिरवा रंग निघाला आणि ठोकून सरळ केलेला पोचा हाताला लागला. वकिलांनी ब्रश खाली ठेवला. "लिहा पंचनामा. मोटार मी चालवत होतो."

"त्या दुपारी?"

"हो."

"वकीलसाहेब, त्या दुपारी तुम्ही कोर्टात माझीच उलटतपासणी घेत होता."

इतका हुशार माणूस, पण घाबरल्यावर एवढी साधी गोष्ट विसरला होता. आम्ही आल्यापासून त्यांच्या पत्नी ओसरीवर येत होत्या, आत जात होत्या, पुन्हा येत होत्या. आता त्या पायऱ्या उतरून खाली आल्या.

"तू आत जा," वकील म्हणाले.

"नाही जात. अहो, या वासात मला श्वाससुद्धा घेता येत नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "फौजदारसाहेब, ते आजोबा जिवंत आहेत का?"

"आहेत. पुढचं सांगता येत नाही."

त्या तिथेच पायरीवर बसल्या. "मोटार मी चालवत होते. नुकतीच शिकले होते. शेळ्या आडव्या आल्या, मी चाक वळवलं... मागे वळून पाहिलं, पण थांबायचा धीर झाला नाही."

रीतसर खटला झाला, त्यांनी गुन्हा कबूल केला. म्हातारा वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. खटल्याआधी बाईंनी त्याला भेटायची परवानगी मागितली, तेव्हा मी बरोबर होतो. त्या खाटेपाशी उभ्या राहून रडू लागल्या.

"शेळ्या आडव्या गेल्या, त्यात तुमचा काय दोष न्हाय, बाई," म्हातारा म्हणाला. "पर थांबायचं हुतं की. लई तान लागली हुती."

पुढे किती तरी गुन्हेगारांचे जबाब घेतले. धडक, मारामारी, रागाच्या भरातला घाव, हे क्षणात होऊन जातं. त्यानंतर माणूस काय करतो, ते मात्र त्याच्या हातात असतं. तेव्हापासून तपासात मी गुन्ह्याच्या क्षणाइतकंच त्यानंतरच्या क्षणाविषयी विचारत आलो.