बहिणीच्या रक्ताची काच

माझ्या धाकट्या बहिणीचे हातपाय लहानपणापासून दुखायचे. पाण्याचे जड हंडे वाहिले किंवा ताप आला, की ती दोन-दोन दिवस कण्हत पडून राहायची. बल्लारपूरच्या आमच्या मोहल्ल्यात तिला सगळे कामचोर म्हणत. मीही म्हणायचो.

नव्वदीच्या दशकात मी नागपूरला जीवरसायनशास्त्र शिकायला गेलो. तिथे सरांनी हिमोग्लोबिन शिकवलं. चार तुकड्यांचं प्रथिन. एका तुकड्याने ऑक्सिजन धरला की बाकीच्यांचाही आकार बदलतो, त्यांना तो धरणं सोपं जातं. आम्ल दुसऱ्याच जागी चिकटतं आणि ऑक्सिजनवरची पकड सुटते. दूरच्या एका स्पर्शाने अख्ख्या रेणूचं वागणं बदलतं, हे मला फार सुंदर वाटलं. मग सर म्हणाले, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ऑक्सिजन सुटला की आकार बदललेले हेच रेणू एकमेकांना चिकटतात. त्यांच्या काड्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. थंडी, ताप, तहान, अतिश्रम यांनी दुखणं उसळतं.

माझं लिहिणं थांबलं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बहिणीच्या बोटातला थेंब काचेवर घेतला. "मलेरियाची तपासणी आहे," म्हणालो. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली विळे दिसले. सरांनी पुढची तपासणीही करवून दिली. शंका उरली नाही.

बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तिचं गोंडपिपरीले जमून राह्यलं. लगन होऊ दे. तवरक तोंड उघडू नोको."

मी उघडलं नाही. त्या वर्षी हिमोग्लोबिनच्या प्रश्नावर पाच पानं लिहिली आणि वर्गात पहिला आलो.

लग्नानंतरच्या पहिल्याच रोवण्यात ती दिवसभर शेताच्या बांधीतल्या गार चिखलात वाकून धान लावत राहिली. घरी आल्यावर पाय उचलेना. सासू म्हणाली, नाटक. तिसऱ्या दिवशी छातीत दुखू लागलं तेव्हा तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं. नवरा तिला तिथेच सोडून निघून गेला.

मी पोचलो तेव्हा ती खाटेवर बसून होती.

"तो मलेरिया नव्हता न, भाऊ?"

"नाही."

"तुले माहीत होतं. मग मले काऊन नाई सांगतलं?"

"बाबा म्हणाले..."

"बाबाले नाई विचारून राह्यली मी. तुले विचारून राह्यली."



ती माहेरी परतली. आईशी बोलायची, बाबांशीही बोलायची, माझ्याशी नाही. मी आणलेल्या गोळ्या आईच्या हातून घ्यायची. पुढे ती मोहल्ल्यातल्या लग्नाच्या पोरींना हाताला धरून सिकलसेलच्या तपासणीला नेऊ लागली. एकीचं जमलेलं मोडलं, तेव्हा तिच्या घरचे आमच्या दारात येऊन शिव्या देऊन गेले. बहीण एकटी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. बाबा आत होते. मीही आतच होतो.

काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, ती गेली. मी नागपूरला होतो; बाबांनी मला दुसऱ्या दिवशी, अंत्यविधी उरकल्यावर कळवलं. तिनेच तसं सांगून ठेवलं होतं.