वाटीत उरलेली बी

सुभद्राताईंना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. वडनेर भोलजीच्या पुढे आमचं लहानसं गाव. तिथल्या अंगणवाडीच्या त्या सेविका आणि मी त्यांची मदतनीस. पोरांचं गाणं रंगात आलेलं असायचं आणि या मध्येच उठायच्या, खिडकीतल्या स्टीलच्या वाटीत डोकावायच्या, पदर खोचत परत यायच्या. दिवसातून कितीदा तरी. मला अगदी वैताग यायचा. एका जागी बसा ना ताई, असं ओठांवर यायचं, पण म्हणायची छाती नव्हती.

त्या वाटीत सीताफळाच्या बिया असत. दसऱ्याच्या सुमाराला शेताच्या धुऱ्यावरची सीताफळं पिकली की ताई बिया धुऊन, वाळवून एका डब्यात वर्षभराची सोय करून ठेवत. सकाळी आलेल्या प्रत्येक पोरानं डब्यातली एक बी वाटीत टाकायची आणि घरी जाताना वाटीतली एक परत डब्यात. तेही ताईंच्या डोळ्यांसमोर, कारण पोरांच्या तोंडात काय जाईल सांगता येत नाही. हजेरीचं रजिस्टर होतंच. "थे सायबासाठी," ताई म्हणायच्या. "वाटी आपल्यासाठी."

मी बारावी झालेली, गणितात बरे मार्क पडलेली. मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. एकदा एका आईनं दारातच विचारलं, "ताई, इंग्लिश शाळेतले पोरं एकापासून शंभरलोक आकडे म्हणून राह्यले. आमचे काऊन नाही?"

"म्हणतीन ना माय. तोंडानं शंभर येते, हातावर चार ठेवले का गडबडते."

लगेच त्यांनी तिच्याच पोराला बोलावलं. चार बिया जवळजवळ मांडल्या, शेजारी चार लांब लांब. जास्त कुठं? पोरानं लांबलचक ओळीवर बोट ठेवलं. "पसरलं म्हणून वाढलं का बे? लाव जोड्या!" पोरानं एकेका बीसमोर एकेक बी सरकवली. एकही उरली नाही. त्याचा तो चक्रावलेला चेहरा बघून ताई टाळ्या पिटून हसल्या. आई काही हसली नाही. मीही नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी पानं गोळा करायला आम्ही पोरांना नाल्याकाठी नेलं. आपट्याचं, पळसाचं, कडुनिंबाचं पान वेगळं करायचं, मग लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावायची. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, अर्धं गाव शेतात. तूर पोरांच्या डोक्यावर गेलेली, आणि तिच्या पलीकडे बिनकठड्याची विहीर. ताई सारख्या पोरांभोवती फिरत होत्या. "चला आता, चला," असं त्यांनी दहा वेळा तरी म्हटलं असेल.

परत आलो. दारात मी डोकी मोजली. सतरा. गेलो तेव्हाही सतरा. पुन्हा मोजली, सतराच. "झाले ताई, सगळे आले."

"बिया काढा," ताई म्हणाल्या.

मी मनात कपाळाला हात लावला. पोरं एकेक करून पुढे आली. शेवटी आमच्याकडे येणाऱ्या रेणूची धाकटी बहीण उभी राहिली, दोन वर्षांची. तिनं सकाळी बी टाकलीच नव्हती. येताना घरासमोरून आमच्या रांगेत घुसली होती. वाटीत एक बी तशीच होती.

"ताई, पण सतरा आहेत. मी दोनदा मोजले."

"आकडा बरोबर हाय व पोरी. लेकरू नाही!"

चपला न घालता त्या पळाल्या. मी मात्र दारातच उभी. सोळा नावं मी म्हटली आणि सतरावं आठवेना. मग आठवलं. सई. चार वर्षांची, कमी बोलणारी.

ताई तिला कडेवर घेऊन आल्या तेव्हा दोघींच्या केसांत तुरीची फुलं होती. सई तुरीत बसून पानांची रांग लावत होती म्हणे, विहिरीपासून पाच-सात पावलांवर. सगळ्यात मोठं पान मिळेना म्हणून उठली नव्हती. मी रडायलाच लागले. ताईंनी मला रागावायला हवं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मोजाले तुले चांगलं येते. पाहाले शीक."

पाच वर्षांनी ताई निवृत्त झाल्या. आता सेविका मी होते. साडी-चोळी झाली, चिवडा झाला, ताई सगळ्यांचा निरोप घेऊन बाहेर पडल्या. पोरांनी बिया काढल्या आणि वाटीत एक उरली.

मी ओरडलेच. नावं घेत एकेका पोराला हात लावला. सगळी होती. तरी चपला न घालता रस्त्यावर धावले.

फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली ताई उभ्या होत्या. अजून गेल्याच नव्हत्या.

"माही हाय थे," त्या म्हणाल्या. "सकाळी मीच टाकली. पाहून राह्यली होती, तू धावतं का नाही."

मला राग आला, हसू आलं, आणि डोळे भरून आले. ताईंनी माझ्या अनवाण्या पायांकडे पाहिलं आणि कडुनिंबाच्या पारावर टेकल्या. बसल्या बसल्या त्यांनी पाय लांब सोडले.

"आता बसतो मी घडीभर," त्या म्हणाल्या. "तू जाय. पोरं एकटे हायेत."